शुक्रवारची स्पॅगेटी

गुंडाळीच्या टोकाशी वाफ अजून होती. बांबूच्या तबकातला तो हात पुसायचा ओला पांढरा रुमाल इतका गरम, की हेझलने उचलून ठेवला, पुन्हा उचलला. बोटांना चटका बसत होता आणि सोडवतही नव्हता... सकाळपासून छातीत जे चाललं होतं तेही असंच. हॅलिफॅक्सच्या बंदराजवळच्या या चिमुकल्या रेस्टॉरंटमध्ये इटालियन जेवण मिळतं, पण जपानी हाताचं, कारण मालक केन्जी ओसाकाचा. मम्मीला मुद्दाम इथे आणायचं, म्हणजे जपान आपोआप टेबलावर येईल, आपण फक्त तो विषय पुढे सरकवायचा – असा हेझलचा बेत होता.

जपानमधल्या होक्काइदोच्या प्रयोगशाळेत तिला जागा मिळाली होती. समुद्रावर धरणारा बर्फ, त्यात अडकून राहणारं मीठ, ते मोजायचं – दोन वर्षं! होकार आजच कळवायचा होता. आणि मम्मी मिसिसागाहून आली होती ती घरच्या बेसमेंटला नवा रंग देऊन; लेक शिकली, आता घरी येईल म्हणून. रोज फोनवर तेच: कधी येतेस? हेझलने तो प्रश्न इतक्यांदा ऐकला होता, की त्यातला ताण तिला आकड्यासारखा वाचता येई, किंवा येतो असं वाटे.

स्पॅगेटी आली. लोण्यात न्हालेली, वर गुलाबी कण, काळ्या समुद्रशेवाळाच्या बारीक पट्ट्या. मम्मीने क्रूसाची खूण केली, काटा उचलला आणि ताट दूर सारलं.

"हॅम आहे गो हे. आज शुक्रवार, उपवासकाळातला. एवढं शिकलीस नि एवढं विसरलीस?"

"मम्मी, मांस नाही ते. वास तरी घे."

मम्मी वाकली. आधी संशयाने, मग – हेझल बघत राहिली – तिचे डोळे मोठे झाले, चेहरा एकदम कितीतरी वर्षांनी लहान.

"गाबोळी! अगो, ही तर गाबोळी! शेवयांवर गाबोळी कोण घालतं?"

"जपानी घालतात."

"मग शहाणे आहेत." आणि ती भराभर खाऊ लागली. वसईच्या स्वयंपाकघरात माशाच्या पोटातून निघालेली गाबोळी भावंडांत वाटली जायची, तिच्या वाट्याला नेहमी टोकाचा तुकडा, हे ती सांगत होती, आणि हेझलला वाटत होतं आता, आता बोलावं – पण केन्जी पाणी भरायला आला आणि मम्मीने त्यालाच धरलं. इंग्रजीत, पण विचारपूस अस्सल वसईची: लग्न झालं का, घरी कोण असतं, आईने इतक्या लांब कसं येऊ दिलं?

केन्जी हसला. आई अजून दर रविवारी फोनवर विचारते म्हणाला, परत कधी येतोस.

"विचारणारच," मम्मी म्हणाली, आणि हेझलकडे वळून मराठीत, तोंडात घास तसाच, "आईला विचारावं लागतं गो. उत्तर हवं असतं असं थोडंच आहे! मी वसई सोडली तेव्हा माझी आई पण विचारायची. मी आले का परत?"

ती पुन्हा ताटाकडे वळली, सहज, काही विशेष बोललीच नाही अशी.

हेझलचा काटा हवेतच राहिला. म्हणजे इतके महिने मी मोजत होते ते मम्मीचं घरी ओढणं नव्हतंच... आणि बेसमेंटचा रंग? तो कशात धरायचा? काहीच नीट बसेना. पण एक कळलं, लख्ख: मम्मी आड येईल या भीतीच्या मागे ती स्वतःच किती आरामात उभी होती. भीती बाजूला झाली तर समोर नुसता तो बर्फ होता, अफाट, पांढरा, आणि जायचं की नाही हे आता फक्त तिच्यावर. खिडकीबाहेर फेरी काठाला लागत होती. हेझलचे कान तापले, हसू येऊ लागलं, ते आनंदाने की कशाने, हे तिला ठरवता येईना, आणि पहिल्यांदाच, ठरवावंसंही वाटेना.