चाळिसावा ट्रे

काचेच्या ग्लासात चार बोटं पाणी होतं. सुमनबाईंनी वांग्याच्या रोपाचा देठ ब्लेडने कापला, दोऱ्याने चमच्याला बांधला आणि कापलेलं टोक पाण्यात जेमतेम बुडेल असा चमचा ग्लासावर आडवा ठेवला. पहिल्या मिनिटात काही झालं नाही. दुसरं मिनिट अर्धं सरलं तेव्हा टोकापासून दुधाच्या रंगाचा एक धागा सुटला. केसाइतका बारीक. तो सरळ खाली उतरला आणि तळाशी पोचून धुरासारखा पसरला.

हा रोपांचा एकोणचाळिसावा ट्रे होता. त्यांनी ट्रेच्या कडेवर, आधीच्या अडतीसांसारखीच, खडूने फुली मारली आणि ग्लास विसळून घेतला.

परसात बांबूंवर हिरवी जाळी ताणून केलेलं ते शेडनेट. तेजसने चाकणला नोकरीवर जाण्याआधी आईला बांधून दिलेलं. यावलच्या बाजूची हवा आषाढातही अंगावर ओलं पोतं टाकल्यासारखी बसते, आणि जाळीच्या आत तर श्वासही मोजून घ्यावा लागे. आभाळ आठ दिवस भरलेलं होतं, पण पडत नव्हतं. रोपं मात्र हिरवीगार होती. वीतभर उंच, पानं रुंद, देठाला जांभळी झाक. पाहणाऱ्याची दृष्ट लागावी अशी.

"कापून कापून संपवशीन तू रोपं," बाहेर खाटेवरून त्यांचे यजमान शालिग्राम म्हणाले. "घेनारे येऊन राह्यले आता. त्याईले काय दाखवशीन, ग्लास?"

"ग्लासच दाखवते."

"दाखव. मंग म्हनतीन, सुमनबाई म्हातारपनी कालेजात जाऊन राह्यली."

त्यांनी ग्लासात नवं पाणी ओतलं. गेल्या साली विहिरीजवळच्या वावरात उभं पीक दुपारी माना टाकू लागलं, पान पिवळं न पडता, हिरवंच्या हिरवं. तेव्हा कृषी सहायकाने बांधावर बसून हेच ग्लासाचं करून दाखवलं होतं. धागा दिसला तर रोग मातीतला आहे, म्हणाला होता. या वावरात आता कित्येक वर्षं वांगं, टमाटं, मिरची लावू नका, इथली माती दुसरीकडे नेऊ नका, पायाचीसुद्धा धुऊन जा. शालिग्राम शेजारीच उभे होते. त्यांनी मान हलवली होती.

कोपऱ्यातली सात झाडं तेवढी उभी राहिली. त्यांच्यावरच सुमनबाईंनी बियाची वांगी धरली. गावात भरताचं वांगं सगळेच लावतात, पण पिवळं पडून पिकेपर्यंत झाडावर राखायला कोणाला धीर नसतो. कोवळं असतानाच ते बाजारात जातं. म्हणून बी सुमनबाईंकडे, आणि रोपंही त्यांच्याकडची. यंदा मागणी जास्त होती. अडीनडीला म्हणून दरवर्षी राखेत ठेवायची ती पुरचुंडीही त्यांनी सोडली आणि होतं नव्हतं ते बी चाळीस ट्रेत टाकलं. ट्रेत माती नाही, विकत आणलेला नारळाचा भुसा. त्यांनी शालिग्रामांना तीनदा बजावलं होतं.

तीन दिवसांपूर्वी एक रोप मलूल दिसलं म्हणून उपटलं, तर तांबूस भुशात काळ्या मातीचे कण.

"मूठ मूठच टाकली," शालिग्राम तेव्हा म्हणाले होते. "माही माय टाकत होती, तिची सासू टाकत होती. ज्या वावरात बी पिकलं, तिथची मूठभर माती पाह्यजे. नाई त् बियाले मातीची वयख राहत नाई. आन् त्या सात झाडाखालची घेतली, चांगल्या झाडाखालची."

"सगयात टाकली?"

"शेवटच्यात नाई. संपली होती."

एवढ्या एका वाक्यावर सुमनबाईंचे तीन दिवस गेले होते. रोज थोडे थोडे ट्रे तपासत होत्या आणि चाळिसावा राखून ठेवत होत्या. तो दाराशी, तुळशीच्या बाजूला होता. तो निघाला चांगला, तर अठ्ठ्याण्णव रोपं. अठ्ठ्याण्णव रोपांतून बी पुन्हा उभं राहतं.

ट्रॅक्टरचा आवाज आला. ट्रॉलीतून बेबाबाई उतरल्या, हातात हळदी-कुंकवाची कोयरी आणि नारळ. ट्रॅक्टर योगराजचा. सव्वीस ट्रे त्याला, चौदा बेबाबाईंना.

"अक्का, कधीची सऱ्या पाडून बसली मी," बेबाबाई म्हणाल्या. "अर्धा एकर हाये माहा, पन पाहशीन त् पाटावानी केला. याच्यावाल्या एकरापेक्षा बरा."

"माहा एकर तुमच्याच बांधाले लागून हाये, मावशी," योगराज म्हणाला. "पानी तुमच्याकडूनच खाली येतं. चांगला असंल त् तुमच्याचमुये असंल."

"आयकलं का, शालिग्रामभाऊ? पह्यल्यांदा खरं बोलला हा."

शालिग्राम हसले आणि उठून जाळीत आले. बायकोजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "भरू दे त्याईले. आज हिरवं हाये. पुढे मेलं त् जमिनीचा दोष म्हनतीन."

"हो. आन् तो दोष आपन ट्रॉलीत भरून देलेला असंल."

"एवढ्या सालाचं नाव हाये आपलं."

"म्हनूनच त् ते डोये मिटून घेऊन जातीन."

त्यांचं तोंड उतरलं. दाराकडे बोट करून ते म्हणाले, "तो एक ट्रे तरी ठेव. त्याच्यात नाई टाकली मी. आईची आन."

सुमनबाई खाली बसल्या. चाळिसाव्या ट्रेतलं मधलं रोप धरून ओढलं. ते सहज आलं नाही. ट्रे तिरका केला तेव्हा दिसलं: खालच्या भोकातून पांढरी मुळं बाहेर पडून जमिनीत शिरली होती. जमीन ओली होती. एकोणचाळीस ट्रेंचं पाणी पाच आठवडे उताराने याच बाजूला येत होतं.

तरी त्यांनी देठ कापला, बांधला, ग्लासावर ठेवला.

"हे काय व अक्का?" बेबाबाई वाकून पाहू लागल्या. "रोपाले चहा पाजतं का?"

"थांब जराशी."

पहिलं मिनिट गेलं. पाणी स्वच्छ होतं. शालिग्राम ग्लासाकडे न बघता सुमनबाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते. दुसरं मिनिट गेलं. योगराजने ट्रॅक्टर बंद केला. तिसरं मिनिट सरत आलं आणि सुमनबाईंना वाटलं, आता नाही. तेवढ्यात धागा सुटला. आधीच्यांपेक्षा बारीक, पण तोच. तळाशी गेला आणि पसरला.

"दूध निंघालं की," बेबाबाई म्हणाल्या. "चांगलं असतं का?"

त्यांनी पहिल्या ट्रेला लावायला बोटावर कुंकू घेतलेलंच होतं. सुमनबाईंनी त्यांचं मनगट धरलं आणि तसंच धरून उठल्या. गुडघे वाजले. जाळीपलीकडे कपाशीच्या पऱ्हाटीचा, वाळल्या काड्यांचा ढीग होता. हिवाळ्यात सगळ्यांना बोलावून वांगी भाजायला दरवर्षी रचून ठेवत, तसा रचलेला.

"बेबा, योगराज, जशे आले तशे जा. जाताना पाय धुवा, ट्रॅक्टरची चाकंबी धुवा," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. आवाज चढला नव्हता.

"पऱ्हाटी इकडे ओढा. रोपं कोनालेच द्याची नाई. चाळीसच्या चाळीस ट्रे पेटवून द्याचे."