निळी बॅग आणि घरभराची शपथ

मित्रांनो, माळ्यावर रिकाम्या गोण्यांशेजारी पडलेली निळी, कडक बॅग दिसते ना, ती मी. एक जुनी, चाकं झिजलेली आणि मुळातच भित्री बॅग. हसू नका. विमानाच्या पोटात, काळोखात, थंडीनं गारठून ज्यानं प्रवास केला नाही, त्यानं मला नावं ठेवू नयेत.

नारायणगावजवळचे द्राक्षबागायतदार भिमाजी यांनी मला १९९८ साली पुण्याहून आणलं. ते शेतकऱ्यांच्या अभ्यासदौऱ्याला इस्राएलला निघाले होते. त्यांच्या पत्नी बयाबाईंनी माझ्यात कपड्यांआधी भाकरी आणि ठेचा भरला. तो दौरा शिकण्यासाठी होता. पुढच्या सहलींना मात्र कारण लागेनासं झालं. दुबई झाली, बँकॉक झालं, सिंगापूर झालं. विमानतळावरच्या चिठ्ठ्या भिमाजी माझ्या मुठीवरून काढू देत नसत. आल्यागेल्याला दिसावी म्हणून मला ओसरीतच ठेवत. लोक कौतुक करत आणि मीही फुशारत असे, खोटं कशाला बोलू?

मग २००६ चा फेब्रुवारी आला. घडात साखर भरली होती, आणि नको तेव्हा दोन दिवस पाऊस लागला. मणी तडकले, बागेत आंबूस वास सुटला. निवृत्त शिक्षक सावळेराम गुरुजी सांत्वनाला आले. बोलता बोलता म्हणाले, "भिमाजी, माणसाच्या धुरानं हवा तापत चाललीय. हाच पाऊस त्यानं आला असं मी म्हणत न्हाई. पर ऋतूंचं तंत्र बिघडतंय, आन् इमानाचा धूर त्यात हायेच."

भिमाजी माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेनं माझ्या बिजागऱ्यासुद्धा थरथरल्या.

पुढच्या रविवारी त्यांनी भैरवनाथाच्या देवळात बेलभंडार उचलला. बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन घेतलेली शपथ आमच्याकडे मोडत नाहीत. घरी येऊन त्यांनी सांगितलं, "चारचौघांत बोललोय. आजपास्नं माझ्या घरातलं कुनीबी इमानात पाय ठेवणार न्हाई." बयाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी हातातली भाकरी जरा जोरातच तव्यावर आपटली.

माझी रवानगी माळ्यावर झाली. खरं सांगू, मला हायसं वाटलं. पोटात जुन्या गोधड्या कोंबल्या, उंदरांनी अस्तर कुरतडलं, तरी विमानाचा धसका तर सुटला होता.

दीड वर्षानं कॅनडाहून लेकीचा, तेजस्विनीचा फोन आला. तिला सातवा महिना होता. रक्तदाब वाढला होता, डॉक्टरांनी अंथरुणातून उठू नको म्हणून बजावलं होतं. नवरा दिवसभर कामावर, सासू हयात नाही. फोनचा स्पीकर लावला होता, म्हणून तिचं रडणं मला माळ्यावर ऐकू आलं. "आई, तू ये ना गं. मला लई भ्या वाटतंय."

त्या दिवसापासून घरात भीतीच राहायला आली. भिमाजी अर्ध्या ताटावरून उठत. शपथ मोडली तर बाळाला काही होईल, आणि पाळली तर लेकीला! बयाबाई आठ दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी त्या शिडी लावून माळ्यावर चढल्या, मला खाली ओढलं आणि माझ्यातल्या गोधड्या अंगणात झटकल्या.

"अगं, मी भंडार उचललाय!" भिमाजींनी माझी मूठ धरली. "पोरीला काय झालं तर?"

"भ्या मलाबी वाटतंय," बयाबाई म्हणाल्या. "पर भंडार तुमी उचलला. मला इचारलं व्हतं? सिंगापूरला जाताना तरी कुठं इचारलं व्हतं? तुमची शपथ तुमी पाळा. माझी लेक तिकडं एकटी हाय."

भिमाजींनी माझी मूठ सोडली. मग तसेच देवळात गेले आणि गुरुजींच्या, चार गावकऱ्यांच्या समोर म्हणाले, "मी चुकलो. दुसऱ्याच्या वतीनं शपथ घ्यायचा मला हक नव्हता. आता ती माझ्या एकट्याची."

व्हिसा आला आणि आम्ही दोघी निघालो. विमानाच्या पोटात मला वाटत राहिलं, देव रागावला असेल तर? आपण पोचेपर्यंत काही आक्रीत घडलं तर? तिथल्या घरीही मी महिनाभर कोपऱ्यात श्वास रोखून उभी होते. एका पहाटे बयाबाई लेकीला घेऊन दवाखान्यात गेल्या. चार दिवसांनी दार उघडलं आणि पाठोपाठ एक बारीक, चिडकं रडणं आत आलं. नात झाली होती, दोघी सुखरूप होत्या.

बयाबाईंनी स्पीकर लावून गावाकडे फोन केला. भिमाजींनी बाळाचं रडणं पुन्हा पुन्हा ऐकवायला लावलं. मग म्हणाले, "नाक कुणावर गेलंय गं?"

"तुमच्यावर. या की बघायला."

"न्हाई. मी येणार न्हाई." भिमाजी म्हणाले. "पर तू डोळं भरून बघ. माझ्या वाटचंबी तूच बघ."

मित्रांनो, परतल्यावर मी पुन्हा माळ्यावर आले; आता मला मिरवायला म्हणून पुन्हा आभाळात नेऊ नका, ही हात जोडून विनंती. हवा सांभाळण्यासाठी सोडायचं ते जरूर सोडा, पण आपलं स्वतःचं सोडा. भिमाजींची नात आता दोन वर्षांची झाली आहे. आजोबांनी तिला अजून कडेवर घेतलेलं नाही.