कमानीवरचा अंगठा

ऐक ना, मध्ये काही विचारू नकोस, आधी फक्त ऐक.

नगरपालिकेने मला गावातल्या जुन्या इमारतींचे फोटो काढायला सांगितलेत ना, पुस्तकासाठी? नियम असा की शंभर वर्षांच्या वरची इमारत यादीत आली की पाडता येत नाही. आणि बाजाराच्या तोंडाशी ती कमान आहे बघ, ती रुंद होणाऱ्या रस्त्यात येते. यादीमुळेच वाचलीये.

तर मी तिचे जवळून फोटो काढले, आणि एका सांध्यात, चुन्यात, अंगठ्याचा ठसा. रेषांसकट. मधोमध आडवी चीर. नगरपालिकेत यादीची नोंदणी करणाऱ्या बाई म्हणाल्या, "तीनशे वर्षांपूर्वीच्या कारागिराचा अंगठा. मुखपृष्ठावर हाच जाणार."

घरी येऊन मामाला दाखवला. मामा गवंडी, आता गुडघे गेले म्हणून घरी असतो. त्याने चष्मा लावला, फोटो मोठा केला आणि म्हणाला, "हा माझा."

"काय तुझा?"

"अंगठा."

आणि पुढे केला. आडवी चीर. त्याच्या उस्तादाची रीतच म्हणे, काम संपलं की शेवटच्या सांध्यात अंगठा दाबायचा. चाळीस वर्षांपूर्वी एका रात्री नगरपालिकेचाच ट्रक मागे घेताना अख्खी कमान पडली. तेव्हाचे साहेब म्हणाले, दुरुस्ती म्हणून ताडपत्री लाव, नवे दगड आण, हुबेहूब बांध आणि तोंडाला कुलूप लाव. मामाने इतकं लावलं की मामीलाही पत्ता नाही.

मामी म्हणाली, "यांनी बांधली? आमच्या घरातली एक फळी सरळ नाही."

"फळी सुताराचं काम," मामा म्हणाला.

मी म्हटलं, "मामा, हे कळलं तर महिन्याभरात पाडतील."

"पाडू देत. पण माझी म्हणून पाडू देत. फोटोखाली माझं नाव टाक."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर आला. नोंदणीचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. तो खाली बाकावर बसला, मी वर गेलो. फॉर्मवर रकाना होता, 'बांधणारा'. मी मामाचं नाव लिहिलं. खोडलं. 'अज्ञात' लिहिलं.

खाली आलो तर म्हणाला, "लिहिलंस?"

मी म्हटलं, "लिहिलं."

तेव्हापासून तो दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगत सुटलाय, पुस्तक येतंय म्हणून. सोमवारी येतंय.

तू माझ्या जागी असतास तर काय लिहिलं असतंस?