अरालीची अंगाई

कबाहुमाची वेणी घालता घालता सलूनवाल्या बाईंनी रेडिओ मोठा केला आणि म्हणाल्या, "ऐक गं अकीकी, तुमचं नवं गाणं लागलंय." अकीकी हे कबाहुमाचं लाडनाव; आमच्याकडे हाक मारतात ती लाडनावानेच. तिला वाटलं, बाईंची काहीतरी गफलत होतेय. तिचं बाळ, अराली, गेल्यापासून ती माइकसमोर उभीसुद्धा राहिली नव्हती.

युगांडातल्या फोर्ट पोर्टलमध्ये कबाहुमा आणि तिची मैत्रीण न्याकाइसिकी या दोघींना कोण ओळखत नव्हतं! कबाहुमा गायची आणि न्याकाइसिकी लॅपटॉपवर ठेका बांधायची. गावोगावच्या ओट्यांवर बसून दोघी म्हाताऱ्यांच्या अंगाया गोळा करत आणि त्यांना असा काही साज चढवत की कंपालाची पोरंही नाचायची. नियम एकच होता, आणि तो न्याकाइसिकीनेच घातलेला. ज्या आईची अंगाई, तिला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

रेडिओवर आवाज कबाहुमाचाच होता. नीज रे अराली, नीज माझ्या वासरा.

हे तिने कुठल्या स्टुडिओत गायलंच नव्हतं. न्युमोनियाने बाळाची छाती भरली होती, तेव्हा त्याला उराशी धरून गायलं होतं, शेवटच्या दुपारी. फोनवर रेकॉर्ड केलेलं तेवढं राहिलं होतं. पण पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की बाळ ऐकूच येईना. म्हणून तिने ते न्याकाइसिकीकडे, जिवाभावाच्या मैत्रिणीकडे, दिलं. लाडनावाने हाक मारून म्हणाली, अब्वोली, एवढा पाऊस काढून दे गं, मला त्याचा श्वास ऐकू दे.

काढला होता हो तिने पाऊस. अगदी निगुतीने काढला होता. गाण्याखाली जो ठेका चालला होता, घर्र घर्र, घर्र घर्र, तो अरालीचा श्वास होता. सलूनमधली एक मुलगी त्यावर खांदे उडवत नाचत होती आणि विचारत होती, हे कुठलं वाद्य म्हणून.

कबाहुमा अर्ध्या वेणीनिशी उठली आणि तडक न्याकाइसिकीच्या घरी गेली. तिथे अभिनंदनाला आलेल्यांनी बैठक भरलेली. न्याकाइसिकीची आई भाजलेल्या कॉफीच्या बियांची टोपली रिवाजाप्रमाणे पाहुण्यांपुढे चघळायला फिरवत होती. न्याकाइसिकी हात पसरून पुढे आली. कबाहुमा मिठीत गेली नाही. एवढंच म्हणाली, "मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," न्याकाइसिकी म्हणाली. "म्हणून नाही विचारलं."

बघा, लाज म्हणून नाही! वर समजूतही घालायला लागली. लाडनावं आपल्या सगळ्या तोरो मुलखात मिळून बाराच, अराली तर घरोघर सापडतील, हा कुणाचा म्हणून कुणाला कळणार आहे? मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि खरं सांगू अकीकी? आपलं आजवरचं सगळ्यात चांगलं गाणं आहे ते."

कबाहुमाला सगळ्यात जास्त लागलं ते हे. कारण ते खरं होतं. गाणं चांगलंच झालं होतं, आणि बाळाच्या घरघरीवाचून ते तसं झालं नसतं. जिने अरालीला न्हाऊ घातलं, त्याच्या मातीला खांदा दिला, तिने ती घरघर कापून, मोजून, ठेक्यात बसवली होती.

आईने टोपली पुढे केली. "बस गं अकीकी, तोंडात टाक दोन बिया."

कबाहुमाने टोपलीला हात लावला नाही. लहानपणापासून जिच्या ताटात जेवली, त्या न्याकाइसिकीकडे सरळ पाहून, अगदी अदबीने तिने विचारलं, "तुमचं लाडनाव काय?"

हा प्रश्न आमच्याकडे पहिल्यांदा भेटलेल्या परक्यालाच विचारतात. म्हातारीच्या हातातली टोपली कलली आणि बिया फरशीवर सांडल्या. न्याकाइसिकी त्या वेचायला खाली वाकली.

"मी अरालीची आई," कबाहुमा म्हणाली, आणि दारातल्या चपला पायात घालून चालू लागली.