लेकीच्या फाटकापुढचं घर

आमच्या बुढ्याचं डोकं म्हंजे निरा दगड. पोरीचं लगन झालं तवापासून एकच टेक धरून बसला. लेकीले लेकरू होईपर्यंत तिच्या घरचं पानी प्याचं नाई. त्याच्या बापानं पाळलं, म्हनून यानंही पाळाचं.

आता आमची प्रतीक्षा दिली थेट भावनगरले. जवाई तिथं कारखान्यात. एवढ्या दूर जाऊन उपाशी कसं राहाचं? म्हनून बुढा गेलाच नाई. पोरगी फोनवर रडे, "आई, बाबा काहून येत नाई वं? माह्या हातचं त्यायले चालत नाई काय?" काय सांगू बापा तिले?

यंदा तिले दिवस गेले. डाक्टरनं पलंगावरून उतरू नोको म्हनलं. म्या सांगून टाकलं, "मी चालली. तुमी येता तं या, नाईतं बसा भेंड्या तोडत."

मंग बुढ्यानं अक्कल लढवली. भाजी वाहाच्या छोट्या हत्तीवर, म्हंजे आमच्या टेम्पोवर, ताडपत्री बांधली. आत फळ्यायचा पलंग ठोकला. पान्याची टाकी, ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, ग्यासचं छोटं सिलिंडर. अख्खं घर! "पोरीच्या फाटकापुढं उभी करू गाडी," म्हने. "आपलं खाऊ, आपलं पिऊ. लॉजचा खर्चबी वाचला."

"आन पोरीनं पानी आनून दिलं तं?"

"टाकी भरेल हाय."

असा राग आला म्हनता! रस्ता मात्र म्या ठरवला. "अजी, सुरतेपासून जहाज जाते, गाडीसगट. खाडी ओलांडली का आलंच. तुमचे गुडघेबी वाचतीन आन डिझलबी." बुढा खुश. साऱ्या हिवरखेडात सांगत फिरला, "परदेशी चाललो, जहाजानं!"

बंदरावर ट्रक न् गाड्यायची रांग लागली होती. बुढा लेकरावानी मान वर करकरून जहाज पाहून राहिला होता. तेवढ्यात गेटावरच्या शिपायानं ताडपत्री उचलली. "चाचा, ये गॅस नहीं जाएगा. जहाज पे मना है."

"अरे, मंग आमी रांधाचं कायवर?"

शिपाई पुढच्या गाडीकडे गेला. बुढ्याचं तोंड उतरलं. मंग मले म्हनला, "चाल माणिक. मागं फिरू. रस्त्यानं जाऊ, खाडीले वळसा घालून."

आता मात्र मायी सटकली. "तुमच्या बापाची पोरगी तेल्हाऱ्याले होती, सायकलीच्या वाटेवर! सकाळी जात आन सांजेले घरी येऊन जेवत. त्यायले पाळनं सोपं होतं. मायी पोरगी समुद्राच्या पल्याड पडून हाय. तुमाले पानी द्याले तिनं किती वाट पाहाची?"

रांगेतले लोक पाहू लागले. पाहू देत. बुढ्यानं गाडीची चाबी काढली. मंग खाली उतरला, सिलिंडर खांद्यावर घेतलं आन फाटकाबाहेरच्या चहावाल्याले देऊन आला. "वापर बावा. परत येतानी पाहू," म्हनला. त्याचे डोळे ओले होते.

आता तुमाले सांगते. जहाजात ग्यास चालत नाई, हे आमच्या चंदननं, पोरानं, मले घरीच मोबाईलवर वाचून दाखवलं होतं. म्या त्याले म्हनलं, "बापाले सांगशीन तं पाय!"

गाडी जहाजाच्या पोटात ठेवून आमी वर आलो. चारी अंगानं पानीच पानी. बुढ्यानं सोताहून पोरीले फोन लावला, पयल्यांदा. पोरगी घाबरली. "बाबा? काय झालं?"

"काई नाई वं माय. जहाजात हावो आमी." त्यानं फोन दुसऱ्या कानाले लावला. "पोचलो का चहा घेईन. तू उठू नोको बरं. जवायानं केला तरी चालते. पन कप मले तुह्या हातानं देजो."