तंबूतले खारे दाणे

शिवदासशेटने चार दाणे तोंडात टाकले आणि मीठ वाढवायला सांगितलं. माझ्या दाण्यांत मीठ कमी, असं चौलच्या जत्रेत वीस वर्षांत कुणाच्या बापाने म्हटलं नव्हतं. तसं मी तोंडावर सांगितलं. तो चिडला नाही. सिनेमाचा तंबू गावोगाव ओढून दमलेला माणूस तो.

"ठमाबाई, दोन आण्यांच्या तिकिटातला दीड आणा मुंबईचा फिल्मवाला नेतो. उरल्यात तंबू, इंजिन, माणसं. मी जगतो तुमच्या दाण्यांवर, आणि दाण्यांमागनं सोड्यावर."

म्हणून बाहेर पैशाला मिळणारं माप आत दोन पैशांना, त्यातला एक शेटचा, सोडा आण्याला, आणि बाहेरचं खाणंपिणं अडवायला दारात रघू. तंबूतला पाण्याचा माठ शेटने पहिल्याच दिवशी हलवला होता. मला कळत होतं सगळं. पण जत्रा तंबूत शिरलेली, बाहेर बसून माशा मारायच्या का? वाढवलं मीठ.

बाहेर अधेल्यासाठी, अर्ध्या पैशासाठी माझं डोकं खाणारे बाप्ये आत मुकाट दोन पैसे काढत. चार माणसांदेखत घासाघीस करायची लाज.

तिसऱ्या दिवशी मध्यंतरात दिवे लागले, तर बायकांच्या बाजूला माझी विहीण बायजा. किहीमहून गाडी जुंपून आलेली, बरोबर दोन जावा. माझी काशी त्या घरात देऊन वर्षही झालं नव्हतं. मी पैसे नको म्हणत असता बायजाने ते माझ्या टोपलीत टाकले. तिघींनी दाणे खाल्ले. मग तिने हळूच विचारलं, "विहीणबाय, घोटभर पानी हाय का?"

न्हाय म्हणाले. विहिणीला पाणी नाही सांगणारी आमच्या घरातली मी पहिली. जावा एकमेकींकडे बघून हसल्या. ते हसणं किहीमला जाणार आणि काशीला रोज चुलीपुढे ऐकावं लागणार.

टोपली तिथेच टाकून उठले. पेढेवाल्याचा तांब्या मागून घेतला, विहिरीवरून भरून आणला. तोवर खेळ पुन्हा सुरू झालेला. रघूने हात आडवा धरला.

"बाहेरचं आत न्हाय, मावशी. शेट माझा पगार कापंल."

"पानी हाय रं, दारू न्हाय."

त्याने मान खाली घातली, हात मात्र हलवला नाही. त्यालाही पोट होतंच. उरलेला खेळ मी दाराशी उभी राहून काढला. हाताला रग लागली, तरी तांब्या खाली ठेवला नाही.

बाहेर येता येता धाकटी जाऊ म्हणाली, "आमी सोडा प्यालो की. आण्याला येक."

बायजाने माझ्या हातातला तांब्या घेतला, वर धरला आणि सावकाश अर्धा प्याली. मग तो जावेपुढे केला.

"काशीच्या आईनं आनलंय. प्या."

सोड्याचे ढेकर दाबत दोघींनी आळीपाळीने तांब्या वर धरला.