बाहेरून घातलेली कडी

उधन्यातल्या लूम-खात्याला, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्याला, आग लागली तेव्हा रात्रपाळीचे कामगार आत होते आणि दाराला बाहेरून कडी होती. कापड चोरीला जाऊ नये, ही शेठची तत्त्वनिष्ठा. पत्रा फोडून बाकीचे निघाले. वडिलांचे सोबती सुकदेवकाका निघाले नाहीत.

माझे वडील श्रीपत त्या आगीतून सुटले आणि झोपेत पुन्हा पुन्हा आत जाऊ लागले. स्वप्न एकच. ते दाराशी, काका टोकाच्या मागावर, पाठमोरे. वडील ओरडतात, आवाज फुटत नाही, काका वळत नाहीत. मग खरा आवाज फुटे आणि चाळ जागी होई.

मी तेव्हा मानसशास्त्रात एम.ए. करत होते. स्वप्न म्हणजे दडपलेल्या इच्छेची पूर्ती, असे माझे ग्रंथ सांगत. कडी घालण्याची इच्छा ज्याची होती तो शांत झोपत होता. त्याच्यावर ग्रंथांत प्रकरण नव्हते. शेजारच्या कलाबाईंनी उशाखाली ठेवायला मंतरलेले लिंबू आणले. आईने त्याचे सरबत करून त्यांनाच पाजले.

चौकशीची तारीख लागली. दार उघडेच होते, असे शेठचे म्हणणे. इतर कामगारांना दुसऱ्या खात्यांत कामे मिळाली होती आणि सोबत विस्मरणही. साक्षीदार एकच उरला, आणि झोपेवाचून तो धड उभाही राहत नव्हता.

सुट्ट्यांत मी त्याच खात्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या होत्या. एका दुपारी मी विचारले, "बाबा, खात्यात कोणी ओरडून बोलतं का?"

"येडी का? मागांच्या आवाजात कोण ऐकंल? हातानं खुणा करायच्या."

"आणि पाठमोऱ्या माणसाला?"

"जवळ जाऊन खांद्याला हात लावायचा."

"मग सपनात कशाला ओरडता?"

"आयला! एवढी वर्षं माग चालवून नवशिक्यावानी वागलो."

तेव्हापासून रोज दुपारी ते स्वप्न उघड्या डोळ्यांनी सांगत. ओरडण्याच्या जागी आले की उठून खांद्याला हात लावायला चालत. आई स्टोव्हकडे तोंड करून सुकदेवकाका होई. "लवकर या, भाकर करपती," ती दटावी.

स्वप्न थांबले नाही. पण एका सकाळी ते चहा पिताना म्हणाले, "वळला गं. माझ्याकडं बघितलं त्यानं." चाळ त्या रात्री झोपली होती.

चौकशीत शेठचा वकील हसला. "साब, ये आदमी नींद में चिल्लाता है. इसका क्या भरोसा?"

"चिल्लाता था," वडील म्हणाले. "दरवाजा बाहर से बंद था, इसलिए."

कारकुनाने जबानी वाचून दाखवली: दार बंद होते.

"बाहर से," वडील म्हणाले.

"एक ही बात है, काका. सही करो."

"एक बात नहीं है."

त्यांनी पेन टेबलावर ठेवले आणि हात मागे बांधून ताठ उभे राहिले. वकिलाने घड्याळ पाहिले. चौकशीच्या साहेबांनी पंख्याकडे पाहिले. आई माझ्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "तुझा बाप आहे तो. उद्यापर्यंत उभा राहील."

कारकुनाने कागद पुन्हा आपल्यापुढे ओढला आणि दुरुस्तीला पेन उचलले.